वजावट

कुंजीर फाइल ठेवून गेला, चहा अर्धा टाकून.
चाळीस पानं, सहा पॉइंटाचा टाइप,
दोन ओळींमध्ये केस शिरणार नाही इतकीच जागा.
त्याला माहीत नाही, बत्तीस वर्षं मी
अप्पा बळवंत चौकामागच्या प्रेसमध्ये हाच धंदा केला :
कुणीच वाचत नाही ते वाचत बसायचं.

पहिल्याच पानावर ‘रूग्णालय’.
पेन्सिल आपोआप चालली.
ज्यांना रुग्ण ऱ्हस्व लिहिता येत नाही
त्यांच्या हाती प्रमोदिनीचं आणि माझं म्हातारपण द्यायचं का,
हा पहिला प्रश्न.

दुसरा पैशांचा.
पाच लाखांची जुनी पॉलिसी आहेच.
ही तिच्यावर अंथरायची, गळक्या पत्र्यावर ताडपत्री तशी.
पहिले पाच लाख वजावट, कुंजीर म्हणाला,
त्याच्या वरचं कंपनी बघेल, विसापर्यंत.
म्हणजे फायदा हवा तर
आधी पाच लाखांचं आजारी पडायला हवं.
“तेवढी आपली ऐपत आहे का?”
प्रमोदिनी म्हणाली, गवार मोडता मोडता.

वर्षाला अकरा हजार चारशे.
नागपूरला लेकीकडे दोन खेपा,
किंवा दाढेवरची ती कॅप, जी मी दोन वर्षं पुढे ढकलतोय.
दुसऱ्या पारड्यात खालच्या मजल्यावरचे सोहोनी :
अकरा दिवस, सात लाख ऐंशी हजार,
आणि ते बिल, जे ते आल्यागेल्याला
नातवाच्या मुंजीच्या अल्बमसारखं उघडून दाखवतात.
हातमोज्यांच्या पानाशी हमखास थांबतात.
“मोजा,” म्हणतात, “एकशे चाळीस जोड.
मला हात तरी किती?”

मग अर्ज.
नाव, वय, उंची, तंबाखू.
कलम नऊ : मागील चार वर्षांत छातीत दुखणे, धाप लागणे.
हो / नाही.
दोघांच्याही रकान्यात मी ‘नाही’वर टेकलो होतो.
“थांब,” ती म्हणाली. “माझ्यात हो कर.”
“कधीपासून?”
“दिवाळीपासून. तळजाईच्या चढावर.”

रोज सकाळी आम्ही जोडीनं चढतो तो चढ.
वळणावर ती थांबायची, मोर ओरडला म्हणून.
पुढे बाकाशी, बुटाचा बंद सुटला म्हणून.
तिच्या बुटांना बंद नाहीत.
वेलक्रो आहे.
मीच आणलेत, लक्ष्मी रोडवरून, घासाघीस करून.
चढभर ती स्वल्पविराम देत होती
आणि मी,
चारशे पानांत एक सुटला तर ज्याला झोप लागत नसे,
वीस पावलं पुढे उभा राहून
घड्याळ बघत होतो.

फोन केला. कुंजीर म्हणाला, काका, कशाला लिहिता,
हप्ता वाढेल, नाहीतर अर्जच परत येईल.
“आणि नाही लिहिलं तर?”
तो जरा थांबला. मागे पीएमपीचा हॉर्न.
“तर मग... आत्ता मिळून जाईल.”
एकतिसावं पान मी वाचलं होतं.
त्यालाही ते पाठ असावं.

‘हो’भोवती गोल केला, शाईनं.
तपशिलासाठी समोर दीड इंच जागा.
दिवाळी, वळण, मोर, नसलेला बंद,
काय ठेवायचं, काय गाळायचं?
“धाप लागते, एवढंच लिही,” ती म्हणाली,
“आणि अक्षर जरा मोठं काढ.”

विमा घ्यायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही.
उद्या सव्वादहाला टिळक रोडला डॉक्टर,
उपाशीपोटी यायला सांगितलंय.
मग सकाळचं फिरणं बंद का, ती विचारते.
फिरू की, म्हणालो.
सपाटीवर. सारसबागेला एक फेरी.
बुटाचा बंद सुटला, तर सांग.